निरोग्यांचे चौतीस गुण

माणसाच्या मनातली भीती मोजता येते आणि मोजली की ती निम्मी होते, असं विज्ञान मानतं. पोलिक्सेनीची मोजल्यावर दुप्पट झाली.

ग्रीसमधल्या यानिनाच्या विद्यापीठात तीन वर्षं खपून तिने चिंता मोजायची प्रश्नावली रचली होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, 'कधीच नाही'ला एक गुण इथपासून 'नेहमीच'ला चार गुणांपर्यंत. ही मोजपट्टी खरी ठरायला एकच गोष्ट दाखवायची होती: चिंतारोग्यांना गुण जास्त, धडधाकटांना कमी. गुरुवारी परीक्षकांपुढे एवढं दाखवलं की डॉक्टरेट. नाही तर वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा बहिणीच्या औषधांच्या दुकानात, तिची बोलणी खात.

सोमवारी आकडे हाती आले. रोग्यांची सरासरी एकवीस, धडधाकटांची चौतीस.

तिने बेरीज पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. गठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून प्रत्येक कागद उलटून पाहिला. झाली नव्हती. 

धडधाकट म्हणजे तळ्याकाठच्या निवृत्तांच्या क्लबातली साठ माणसं. मंगळवारी ती तिथे गेली, तर मंडळी सोंगट्या आपटत एकमेकांची टर उडवत होती. सगळ्यांत जास्त गुण, छप्पन्न, स्तामातूला मावशींना होते. वय अठ्ठ्याहत्तर, रोज सकाळी तळ्याकाठी तासभर चालणं.

"मावशी, 'काहीतरी वाईट होणार असं वाटतं', इथे तुम्ही 'नेहमीच'वर खूण केलीत. खरंच वाटतं?"

"छे गं. मला काय धाड भरलीय?" असं म्हणून मावशींनी घाईने छातीवर तीनदा थू थू केलं. "बघ, वदवून घेतलंस ना शेवटी."

"मग 'कधीच नाही' का नाही लिहिलंत?"

"कागदावर? शाईने? पोरी, शिकलेली ना तू? सुखात आहे असं लिहून दिलं की दृष्ट लागायला कितीसा वेळ? आमची फोतिनी असंच बोलून बसली होती, तिला विचार. म्हणजे, विचारता येणार नाही आता."

पलीकडचे एक आजोबा म्हणाले की त्यांनी आधी 'कधीच नाही' लिहिलं होतं, पण बायकोने घरी गेल्यावर जेवू घातलं नाही, म्हणून परत येऊन खोडलं.

तिथून ती थेट रोगी दाखल होते त्या रुग्णालयात गेली. नर्सने सांगितलं की ईस्टरला कोणाला घरी सोडायचं ते डॉक्टर प्रश्नावली भरून घेतली त्याच आठवड्यात ठरवत होते, म्हणून सगळ्यांनी आपण ठणठणीत असल्याचं लिहिलं. एकाचा हात इतका थरथरत होता की खूण चौकटीबाहेर गेली होती. चौकट मात्र 'कधीच नाही'चीच होती.

बुधवारी तिने हे सगळं मार्गदर्शकांना, व्रेत्तोस सरांना, सांगितलं.  सरांनी शांतपणे कॉफी संपवली.

"एक प्रश्न वाढव. 'सध्या चिंतारोगासाठी रुग्णालयात दाखल आहात का?' होय असेल तर चाळीस गुण."

"सर, पण हे म्हणजे..."

"खोटं बोलेल का कोणी?"

"नाही."

"मग? तुझ्या वीस प्रश्नांतल्या एकाला तरी हे जमलं का?"

उत्तरं विचारायला कुठे जावं लागलं नाही. दोघांनी बसून तासाभरात भरली. रोगी एकसष्ट, धडधाकट चौतीस.

गुरुवारी बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तिने एक प्रत स्वतः भरून पाहिली. बावन्न गुण झाले. एकविसाव्या प्रश्नाबद्दल विचारलं तर काय सांगायचं याची तीन उत्तरं तिने पाठ केली होती, आणि आत बोलावलं तेव्हा तिन्ही विसरली होती. परीक्षकांनी आकडे पाहिले, माना डोलावल्या. म्हाताऱ्यांसाठी अक्षरं थोडी मोठी हवीत, एवढंच एकजण म्हणाले. वीस मिनिटांत एकमताने डॉक्टरेट मिळाली.

प्रश्नावली आता तीन रुग्णालयांत वापरतात. वेळ नसला की फक्त एकविसावा प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर दाखल करतानाच लिहिलेलं असतं.