मूळ कागदावरचा ठिपका

नकाशांच्या कचेरीत हुबेहूबरावांनी एकतीस वर्षं ट्रेसिंग केलं. मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा, काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवायची आणि मूळ कागद कपाटात बंद करायचा, एवढंच काम. पण ते त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं. आहे ते सोडायचं नाही, नाही ते घालायचं नाही आणि आपलं डोकं चालवायचं नाही. याच गुणांमुळे त्यांना हे टोपणनाव मिळालं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एकदा कागदावर चिरडलेलं चिलट विहीर समजून नकाशात उतरवलं होतं. त्या बिचाऱ्याला कायमचं 'विहीरवाले' करून टाकलं ते हुबेहूबरावांनीच. पाहुणा नवा असो की जुना, चहा यायच्या आत ही गोष्ट सांगून व्हायची. बायको तर चौकटीत उभी राहून कुठे हसायचं तेसुद्धा सांगू शकली असती.

ते निवृत्त झाले आणि बायकोने गिटारचा क्लास लावला. भाचा परगावी जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार त्यांच्याकडे टाकून गेला होता. ॲम्प्लिफायरशिवाय ती वाजायची म्हणजे डब्याला रबर बांधून छेडावं तशी. तरी बायकोने चिकाटी सोडली नाही. वर्षअखेरच्या कार्यक्रमात एकटीने वाजवायला सरांनी होकार दिला, पण एका अटीवर: क्लासचा एकमेव ॲम्प्लिफायर सरांच्या गिटारला लागणार, तिने आपला आणायचा. नाहीतर मागच्या रांगेत सगळ्यांबरोबर बसायचं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात आपलं कुणी शेवटपर्यंत ऐकून घेतलंय असं तिला फारसं आठवत नव्हतं. म्हणून तिला एकटीनेच वाजवायचं होतं.

भाड्याने आणू, असं ती म्हणाली. त्यावर हुबेहूबराव दुखावले. घरात एवढा हात बसलेला माणूस असताना भाड्याचं यंत्र? "तुझा आवाज मी सगळ्यांना ऐकवतो," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं आणि ते कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने निळ्या बॉलपेनने सर्किट काढून दिलं आणि समजावलं, "दोन रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्या तर त्यांचा संबंध नाही, काका. ठिपका असेल तिथेच तारा जोडायच्या."

हे त्यांना फार पटलं. नकाशासारखंच होतं की! जेवणाच्या टेबलावर त्यांनी मूळ कागद पसरला आणि डोळे बारीक करून रेघा वाचायला घेतल्या. बायकोने चहा आणून ठेवला. दोन घोट घेऊन त्यांनी कप बाजूला सरकवला. ती काहीतरी म्हणाली. त्यांनी मान वर न करता डावा हात तेवढा उंचावला. एकतीस वर्षं कचेरीतले शिपाईसुद्धा त्या हाताचा अर्थ ओळखून होते. मग वर पारदर्शक कागद अंथरून, श्वास रोखून ट्रेसिंग झालं, मूळ कागद घडी करून कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं.

पुढचे तीन महिने त्या टेबलावर कुणी जेवलं नाही. सोल्डरिंग करताना बोटं भाजली, टेबलक्लॉथला भोक पडलं, रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या त्यांनी पाढ्यांसारख्या पाठ केल्या. अशा कामाला एकाग्रता लागते, म्हणून बायकोला त्यांनी मागच्या खोलीत सरावाला बसवलं. मधूनच तिकडून एखादा सूर आलाच तर ते इथून हाक मारायचे, "अगं, दार लाव. तुझंच काम चाललंय." ती दार लावायची.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले तेव्हा ॲम्प्लिफायर तयार झाला. काय देखणा झाला होता! बटण दाबताच स्पीकरमधून बारीक सरसर ऐकू आली. पण गिटारची तार छेडली की नुसती शांतता. त्यांनी प्रत्येक जोड पुन्हा तापवला, दोनदा बॅटरी बदलली. मग पेटी उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने सगळे भाग तपासले, सगळे ठणठणीत निघाले. तो म्हणाला, मी काढलेला कागद जरा घेऊन या. हुबेहूबरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकतीस वर्षांत कुणी त्यांच्या ट्रेसिंगला मूळ कागद लावून बघितला नव्हता. तशीच पेटी काखेला मारून ते घरी परतले.

शनिवारी दुपारी त्यांनी हात टेकले. रविवारी कार्यक्रम होता. मागच्या रांगेत बसण्यातही काही कमीपणा नाही, असं ते बायकोला समजावू लागले. तिने कपाटाची किल्ली मागितली, मूळ कागद काढला आणि ट्रेसिंगशेजारी टेबलावर पसरला.

"हे सगळे ठिपके निळे आहेत," ती म्हणाली. "हा एक तपकिरी."

"पण मूळ कागदावर आहे ना?"

"मूळ कागदावर चहा आहे. तुमच्या कपातला. पडला तेव्हाच मी सांगितलं होतं."

हुबेहूबरावांनी चष्मा पुसून पाहिलं. गिटारकडून येणारी तार जिथे बॅटरीच्या निगेटिव्ह तारेवरून नुसती जायला हवी होती, तिथे त्यांनी दोघींना पक्कं जोडून टाकलं होतं. तीन महिने त्यांनी जिवापाड जपलेल्या त्या जोडाने गिटारचा सगळा आवाज स्पीकरपर्यंत पोचायच्या आधीच गिळला होता.

"विहीर," ती एवढंच म्हणाली आणि पक्कड पुढे केली.

त्यांनी तो जोड तोडला. तिने गिटार मांडीवर घेतली, पिन खोचली आणि वाजवायला सुरुवात केली. खोली भरून गेली. लांबलचक, संथ सुरावट होती. मध्ये एके ठिकाणी ती थांबल्यासारखी वाटायची आणि पुन्हा हळूच वर चढायची. सरसर अजून येते का, हे ऐकायला ते स्पीकरला कान लावून बसले होते. केव्हातरी ते विसरले. ती थांबली तेव्हा ते तिच्या बोटांकडे बघत होते.

"हे कधी शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने हेच वाजवतेय. रोज."

मान वर करून तिच्याकडे बघायला त्यांना लाज वाटत होती.

"अजून एकदा वाजवतेस?"

ती गिटार घेऊन उठली. "दार लावून?" तिने विचारलं.

हुबेहूबरावांनी समोरच्या खुर्चीवरची तारांची भेंडोळी, पक्कड आणि सोल्डरची गुंडाळी उचलून जमिनीवर ठेवली. तीन महिन्यांत ती खुर्ची पहिल्यांदाच मोकळी झाली होती.

"इथे बस," ते म्हणाले.