कुंकवाची फ्लॉपी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसात वाजता, माझ्या पडद्यावरची अक्षरे घसरून तळाशी साचली.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोलशेतच्या एका कारखान्यात मी पगारपत्रके छापली. नवी यंत्रे आल्यावर प्रभाकरने मला टेंभी नाक्याजवळ त्याच्या बहिणीकडे, चित्राताईंकडे आणले. ताईंनी माझ्यात, लग्नांत गाणाऱ्या म्हाताऱ्या मनुबाईंचे धवले, म्हणजे कोळ्यांची लग्नगीते, टिपून ठेवले. श्रावणात अर्धांगाच्या झटक्याने मनुबाईंची वाचा गेली. दिवाळीनंतर त्यांच्या आई नसलेल्या नातीचे, मालूचे लग्न आहे. ती गाणी आता फक्त माझ्यापाशी आहेत.

प्रभाकरने कुणाकडून तरी खेळांची फ्लॉपी आणली होती. दसऱ्याच्या पूजेला मला रिकामा कसा बसवायचा म्हणून त्याने ती माझ्या तोंडात ठेवली आणि काढायला विसरला. सकाळी मी तिच्यावरूनच सुरू झालो. तिच्यातला विषाणू माझ्यात शिरला.

"घाबरू नकोस," प्रभाकर म्हणाला. "स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केला की विषाणू झोपलेला राहतो. मग पुसून टाकू. कुठे आहे ती?"

ताईंनी ती पुढे केली. फ्लॉपीच्या उघड्या खाचेतून आतल्या चकतीवर पूजेचे हळद-कुंकू बसले होते. इतर फ्लॉपींवरच्या गाण्यांच्या प्रतींचीही तीच गत.

"अगं ताई, फ्लॉपी आहे ही, पाटा-वरवंटा नव्हे!"

"तूच म्हणालास ना, सगळी हत्यारं मांड म्हणून? आणि तोंडात घास ठेवून कोण गेलं?"

प्रभाकर स्वच्छ फ्लॉपी आणायला कोलशेतच्या कारखान्यात गेला. मला बंद ठेवले होते. मनुबाईंना घेऊन मालू आली आणि दारातूनच विचारू लागली, "ताई, गानी हायेत ना?"

दुपारी प्रभाकर दुसरी फ्लॉपी घेऊन आला. विषाणू सापडला, पुसला गेला. मी नीट सुरू झालो. हळदीची गाणी शाबूत निघाली. मांडवाचे गाणे मात्र मध्येच तुटले होते. पुढे अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

मित्रांनो, आम्हाला फूल वाहा, हवे तर नमस्कार करा. पण कुंकू लावण्याआधी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

आता संध्याकाळ झाली आहे. मालू मोठ्याने वाचते आहे: "मांडवाच्या दारी होरी नांगरली गं, होरीत बसून आली…" मनुबाई डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून आहेत.

"कोन आली, बय? आत्या?"

मनुबाईंनी मान हलवली. नाही.

"मावशी? मंग करवली?"

नाही.

चित्राताईंची बोटे कळांवर थांबली आहेत. माझा पंखा घरघरतो आहे.

"मंग… आय?"

ठेका थांबला आहे. मनुबाई मालूकडे बघत आहेत. मान अजून हललेली नाही.