अर्धी सोडलेली दाढी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. शाळेतली नाही आणि साहेबाची तर नाहीच. पालमच्या बसस्थानकामागे लिंबाजीचं कटिंगचं दुकान आहे, तिथे मी आरशासमोर उभी असते. माझं रेक्झिन फाटलं आहे, एक हात वेल्डिंग करून जोडला आहे आणि मान टेकायची उशी कितीही वर केली तरी हळूहळू खाली येते. वजनाची मला सवय आहे, त्यासाठीच मला घडवलं. ऐकून ऐकून मात्र मी दमले.

परभणीच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. लिंबाजीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्याने मला एसटीच्या टपावर दोरीने बांधून आणलं. त्याच्या बायकोने, पारूबाईने, मला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. लालभडक रेक्झिन बघायला लोक दाढी वाढलेली नसतानाही यायचे. रंगनाथ गुरुजी म्हणाले, "लिंबाजी, तहसीलदाराची खुर्ची बी इतकी भारी न्हाई रे!" त्या दिवशी मी फुगून गेले होते.

लहान मुलं आली की लिंबाजी माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकायचा आणि त्यावर त्यांना बसवायचा. गावच्या निम्म्या पोरांची डोकी मी त्या फळीवर पाहिली. दत्तरावांचा नागेशही तिथेच बसला. मशीन कानाजवळ आली की तो रडायचा. तशी सगळीच रडतात. मोठा झाल्यावर तो दारू पीत नव्हता, गुटखा खात नव्हता, दुकानातल्या बाकावर म्हातारी माणसं दिसली की वाकून पाया पडायचा. दत्तरावांची ओलिताची जमीन, दोन ट्रॅक्टर आणि गावात शब्दाला मान. नागेशला वाईट म्हणणारं कुणी नव्हतं.

आमच्या भिंतीपलीकडे मंजुषाचं शिलाईचं दुकान होतं. सरजाबाईची ही एकुलती एक लेक. वडील कधीच वारले. सरजाबाई दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. मंजुषा शिवायला लागली तेव्हा कुठे तिचं ते फिरणं थांबलं. मंजुषा लिंबाजीकडून कात्रीला धार लावून न्यायची आणि बदल्यात त्याच्या दुकानातली फाटकी कापडं शिवून द्यायची.

मागच्या दिवाळीनंतर नागेशने तिच्यावर अत्याचार केला. मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की ती नको म्हणाली, रडली, तरी त्याने ऐकलं नाही. हा फार मोठा गुन्हा आहे. तिने काही दिवसांनी धीर करून पोलिसांत तक्रार दिली आणि नागेशला अटक झाली.

मग माझ्यावर जो बसेल तो कारण सांगू लागला. पंडित म्हणून धान्याच्या आडतीवर बसणारं एक गिऱ्हाईक आहे. तो म्हणाला, "मोबाईलनं नासवली पोरं." बोलताना मोबाईल त्याच्याही हातात होताच. दुसरा म्हणाला, "पोरीच्या जातीनं एकटीनं दुकान टाकावंच कशाला?" तिसऱ्याने तिच्या कपड्यांवर बोट ठेवलं. गुरुजी शिकलेले, ते म्हणाले, "त्यो माणूसच न्हाई, जनावर हाय." हे सगळ्यांना पटलं. जनावर म्हटलं की आपला संबंध संपतो. पण मी काही जनावराला फळीवर बसवलं नव्हतं. मी नागेशचं सगळं लहानपण आठवून पाहिलं. जनावराची एकही खूण मला सापडली नाही. लिंबाजी साऱ्यांचं ऐकून "हं, हं" करायचा. गिऱ्हाइकाशी वाद घालून दुकान चालत नाही. शेवटी मला वाटू लागलं, त्याने असं का केलं हे कुणाला कळण्यासारखंच नाही. दमलेल्याला असंच वाटतं.

उन्हाळ्यात नागेश जामिनावर सुटला आणि एका सकाळी दाढीला आला. बाकावरची माणसं लगेच सरकली. "ये बाळा, बस. लय वाळलास रे," कुणीतरी म्हणालं. पंडितने चहा सांगितला. गुरुजींनी तोंडासमोर पेपर धरला. शेजारचं शिलाईचं दुकान तेव्हा कित्येक महिने बंद होतं. त्या पोरीला कुणी चहा सांगितला नव्हता, आणि ती वाळली की कशी आहे हेही कुणी बघायला गेलं नव्हतं. मला शरम वाटली.

नागेश माझ्यावर बसला. लिंबाजीने कापड बांधलं, फेस लावला, एक गाल साफ केला. मग हात थांबवून हळूच म्हणाला, "नागेश, तू फळीवर बसायचास तवापासून बघायलोय तुला. का केलंस रे बाबा असं?"

नागेशने आरशात पाहिलं. त्याचा आवाज चिडलेला होता, जणू अन्याय त्याच्यावरच झाला होता. "काका, ती पोलिसात जाईल हे मला काय ठाऊक? सरजाबाईच्या मागं कोण हाय? अन् तुमी सगळे तर आमचेच की."

मित्रांनो, इतके महिने जो तो जे कारण शोधत होता ते हेच होतं. त्याच्या मनात काय उसळलं ते मला माहीत नाही. पण त्याने आधी विचार केला होता. कोण बोलेल, कोण गप्प बसेल, हे त्याने नीट पाहून ठेवलं होतं. गप्प बसणाऱ्यांत बाकावरचे सगळे होते आणि लिंबाजीही होता.

लिंबाजीने वस्तरा खाली ठेवला आणि कापड सोडलं. "ऊठ."

"काका, एक गाल ऱ्हायलाय."

"ऱ्हाऊ दे. ऊठ."

आमच्या धंद्यात दाढी अर्धी सोडत नाहीत. भांडण झालं, लाईट गेली, घरून वाईट निरोप आला, तरी दुसरा गाल करूनच वस्तरा ठेवायचा, असं लिंबाजीला त्याच्या बापाने शिकवलं होतं. नागेश बाहीने फेस पुसत निघून गेला.

"लिंबाजी, धंदा बुडंल तुजा," पंडित म्हणाला.

"बुडू दे. त्यो आता काय बोलला ते मी पोलिसात सांगणार हाय."

त्याने सांगितलंही. पंडितचंही खरं झालं. दत्तरावांची सारी भावकी आमच्याकडे यायची बंद झाली आणि चौकातल्या दुसऱ्या दुकानात गोल फिरणाऱ्या खुर्च्यांवर जाऊन बसली. माझ्यावर धूळ बसू लागली. गुरुजी तेवढे येतात, पण आता कारणं सांगत नाहीत. पारूबाई लिंबाजीला म्हणाली, "उशिरा का हुईना, तोंड उघडलंत." घरात ओढाताण होती, तरी तिने एवढंच म्हटलं.

काल दुपारी मंजुषा आणि सरजाबाई दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतंच. मंजुषा बाकावर बसली. "काका, उद्या परभणीला तारीख हाय. त्यानं असं का केलं, हे त्याला इचारतील का?"

लिंबाजी तिच्याशेजारी बाकावर टेकला. मग म्हणाला, "त्याला न्हाई, पोरी. तुलाच इचारतील. तिथं का गेलतीस, का वरडली न्हाईस, तक्रार द्यायला इतके दिवस का लावलेस."

सरजाबाईला रडू फुटलं. "नको जाऊ, बाई. लोक म्हणायलेत तसं मिटवून टाकू. लय थकले मी."

मंजुषाही थकलेली होती. तिचे डोळे खोल गेले होते. तिने आईचा हात धरला. "माय, मी बोलणार न्हाई असं वाटलं म्हणून त्यानं केलं. उद्या मी गप बसले तर त्याचंच बरोबर निघंल की."

आज सकाळच्या गाडीने त्या गेल्या. लिंबाजीही साक्षीला गेला आहे. शटर खाली आहे आणि मी अंधारात वाट बघते आहे. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. मित्रांनो, उद्या तुमची एखादी मैत्रीण, बहीण किंवा मित्र रडत काही सांगू लागला, तर 'तू तिथे का गेलीस', 'तू तिथे का गेलास' असं विचारू नका. आधी ऐका, आणि मग विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आम्हा लाकडा-लोखंडाला तोंड नसतं, म्हणून आम्ही गप्प बसतो. तुम्हाला तोंड आहे.