पहिल्या कढईची पहिली बरणी

दोन वाट्या गुलाबपाणी. एक वाटी अक्रोडाचं तेल. मेण, नखाएवढं. मंद आचेवर. गार होईपर्यंत ढवळायचं, हात थांबवायचा नाही.

त्सोनाचा हात थांबला नाही. कुदळीचा पहिला घाव गुलाबपाण्याच्या भट्टीच्या दारावर, दुसरा कडीवर. तिसऱ्या घावाला दार आत कोसळलं.

आत तिचा थोरला भाऊ वेल्चो तांब्याच्या कढईखाली लाकडं सारत होता.

"दार उघडंच होतं, त्सोने. नुसतं ढकलायचं असतं."

"बरणीत काय घातलं होतंस, दादा?"

"गुलाब. आणखी काय घालणार, कांदा?"

गुलाबाच्या हंगामात पहिल्या कढईची पहिली बरणी बहिणीच्या घरी जाते. आजाने दिली, बापाने दिली. घरच्या बरणीचा कोणी वास घेऊन बघत नाही. बघणं म्हणजे भावाच्या तोंडावर थुंकणं. त्या पाण्यात त्सोना लेकीसाठी मलम घोटायची. बिल्यानाची कातडी जन्मापासून कोरडी. वारा लागला तरी गाल फुटायचे, दुकानातलं कुठलंच क्रीम सोसायचं नाही. हे सोसायचं.

काल लावलं. पोर म्हणाली, "आई, हे चावतंय." सकाळी गालांची सालं उशीला चिकटलेली आणि डोळे सुजून बंद. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी डबी हुंगली आणि विचारलं, यात फॉर्मॅलिन कुणी घातलं?

गार झालं की डबीत भरायचं. झाकण घट्ट.

त्सोनाने झाकण उघडलं. डबी भावापुढे धरली.

"लाव."

"काय वेडबिड लागलंय का?"

"गालाला लाव. गुलाबच आहे ना."

वेल्चोने डबीकडे पाहिलं. मग भिंतीशी रचलेल्या बरण्यांकडे. मागच्या सालच्या सगळ्या, दुपारी क्रीमच्या कारखान्याचा ट्रक येणार होता.

तेवढ्यात तिला कळलं. यंदाचं ताजं पाणी त्याने आधीच विकलं होतं. तिला गेल्या सालचं दिलं, नासू नये म्हणून औषध मारलेलं. आता तेच आणखी किती पोरींच्या गालांवर जाणार होतं.

तिने कुदळ उचलली. पहिली बरणी फुटली.

वेल्चोचा ठोसा तिच्या कानावर बसला. ती पडली, उठली, दुसरी फोडली. त्याने केस धरून तिचं डोकं कढईवर आपटलं. तांबं तापलेलं होतं, केस जळाल्याचा वास गुलाबात मिसळला. "लहानपणीच विहिरीत ढकलायला हवी होती तुला," तो धापा टाकत म्हणाला. तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तो ओल्या फरशीवर घसरला, भुवई काचेवर फाटली. ती त्याच्या छातीवर बसली आणि डबीतलं सगळं मलम त्या जखमेत भरलं, अंगठ्याने दाबून, ढवळावं तसं.

तो ओरडायला लागला. "पाणी! त्सोने, पाणी दे!"

"आहे की. सगळीकडे आहे. घे."

फरशीभर गुलाबपाणी पसरलं होतं. त्याने त्यातला थेंबही जखमेला लावला नाही. चार पायांवर रांगत, काचा हाताखाली चुरडत, तो दाराबाहेर ओढ्याकडे गेला. शेजारी जमले होते. स्वतःचं गुलाबपाणी सोडून तो ओढ्याकडे जाताना त्यांनी पाहिला.

उरलेल्या बरण्या तिने सावकाश फोडल्या.

कातडीला अलगद लावायचं.

घरी बिल्याना पट्ट्या बांधून खाटेवर होती. डोळे झाकलेले. पाऊल वाजलं तशी तिने मान वळवली आणि नाक आक्रसलं. मग हातांनी चाचपत भिंतीला जाऊन चिकटली.

"नको. ते नको आणूस."

"मी आहे गं. हातात काही नाही."

"वास येतोय."

त्सोना अंगणात गेली. कपड्याच्या साबणाने हात, मान, उरलेले केस घासले. भाजलेल्या ठिकाणी साबण झोंबला, तरी घासले. उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

आतून आवाज आला, "अजून येतोय."

ती परत नळाकडे वळली.