शिवूचं तीर्थ

चिंचोळी एमआयडीसीच्या मागे विशेष मुलांचं एक वसतिगृह आहे. भेटीच्या रविवारी तिथे एरवी चार पालक फिरकले तरी खूप. पण वेणीमाधव महाराज येऊ लागले आणि पटांगणात चपला काढायला जागा उरेना. करमाळ्यापासून माळशिरसपर्यंतची माणसं जीप करून येत. महाराजांचा महिमाच तसा होता. चावणारी, ओरबाडणारी पोरं त्यांनी नुसता हात ठेवला की गोगलगाय होत.

"ह्या लेकराला उपाशी आत्म्यानं झपाटलंय!" शिवूकडे बोट दाखवून महाराज गरजले. "म्हणून ताटावरच चवताळतंय. आधी तीर्थ, मग तासभर भजन, मग आमचा हात. क्रम मोडाल तर आत्मा तुमच्याच मानगुटीवर बसंल!"

शिवूची आई वच्छला पदर पसरून पायाशी वाकली.

इथल्या विशेष शिक्षिका श्रावणी बाईंना मात्र हसावं की रडावं कळेना. चौदा वर्षांचा शिवू बोलत नसे, आणि जेवायचाही सावकाश. वसतिगृहाची रीत अशी, की शिट्टी झाली की ताटं उचलायची, खाणं संपो न संपो. ताट ओढलं की शिवू मारायचा. उपाशी आत्मा होता खरा, पण तो शिवूचाच होता. बाईंनी त्याच्या गळ्यात ताटाच्या चित्राचं कार्ड अडकवलं होतं. 'अजून जेवतोय' हे सांगायला त्यावर बोट ठेवायचं. तो शिकलाही होता. वाढपी ज्या दिवशी ते बोट बघत, त्या दिवशी कुणाला साधा ओरखडाही येत नसे. पण थांबायला वेळ कुणाला होता? त्यापेक्षा महाराज बरे. ते रोजचं तीर्थ बाटल्यांत भरून ठेवून जात. आता शिवू दिवसभर भिंतीला टेकून लाळ गाळत बसायचा, कार्डाकडे बघायचाही नाही.

तीर्थ गुळानं इतकं गोड कशाला, आणि पेल्याच्या तळाशी पांढरा गाळ कसला, असं विचारलं तर अधीक्षक उदयसिंह म्हणाले, "मॅडम, श्रद्धेत नाक खुपसू नका."

मग बाईंनी शनिवारपासूनच शिवूला तीर्थाऐवजी साधं पाणी पाजलं. रविवारी महाराजांनी शिवूसाठी भरून दिलेला पेला त्यांनी कोपऱ्यात नेऊन वच्छलादेखत स्वतःच रिकामा केला. "वच्छलाताई, आता बघा कोण शांत होतं."

भजन रंगलं. टाळ वाजत असतानाच बाई खांबाला टेकल्या आणि झोपून गेल्या. "बाईंची समाधी लागली!" म्हणून कुणीतरी हातही जोडले. महाराजांनी शिवूच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात वाढप्याने सवयीने त्याच्यापुढचं प्रसादाचं ताट उचललं. शिवूने आधी कार्डावर बोट ठेवलं. कुणी बघितलं नाही. मग त्याने जवळचा हात धरला आणि कडकडून चावला. तो हात महाराजांचा होता.

"आयाया! सोडवा रं!"

"त्याचं तीर्थ बाई प्यायल्या!" वच्छला उठून ओरडली. "झोप तीर्थात हाय, ह्याच्या हातात न्हाय!"

बाईंना दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी सांगितलं, तीर्थात झोपेची गोळी होती. भजन कशाला, तर ती अंगात भिनायला वेळ मिळावा म्हणून. तोवर महाराज पसार झाले होते.

पुढच्या रविवारी बाई मोठ्या उमेदीने परतल्या. जेवणाची वेळ होती. शिट्टी झाली, ताटं उचलली गेली, आणि शिवू भिंतीला टेकून झोपलेला.

"महाराज गेले ना?" बाईंनी विचारलं.

"गेले की," उदयसिंह म्हणाले. "पण गोळीचं नाव तर कळलं. ओळखीच्या मेडिकलमधून आणली. चाळीस पोरांना दोन माणसं, मॅडम. तुमचं कार्ड बघत कोण बसणार?"

बाईंनी शिवूशेजारी बसलेल्या वच्छलाकडे बघितलं.

"समदं कळतंय मला, बाई," ती म्हणाली. "पण ह्यांनी काढून टाकला तर मी कुटं नेऊ? रानात जाताना बांधून ठेवू व्हय?" तिने पदराने त्याची लाळ पुसली.

चमत्कार नव्हता, एवढं आता तिथे सगळ्यांना पटलं आहे. वाचकहो, तुम्ही तरी तेवढ्यावर थांबू नका. मूल मारतं तेव्हा त्याच्या अंगात कोण शिरलं ते विचारू नका, त्याच्या पुढ्यातून काय ओढून घेतलं ते विचारा. आणि लवकर विचारा, कारण शिवू आता कार्डावर बोट ठेवत नाही.