माशांचा पडदा

थोरलीचा हात आयुष्यभर सरळ चालला होता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती मुख्य कटर होती आणि तिने कापलेल्या बाहीला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर मात्र तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. लहानपणच्या घराची गोधडी शिवायची, तीही खडू, पट्टी, कागदी नमुना कशालाही हात न लावता. आठवेल तसं कापायचं आणि जमेल तसं जोडायचं.

खूळ चांगलं होतं, पण त्यात एक मेख होती. गोधडीच्या मधोमध तिला खिडकी हवी होती आणि खिडकीसाठी हवा होता तो पडदा, हिरव्या कापडावर पिवळे मासे असलेला. त्या घरातली तेवढीच वस्तू उरली होती आणि आई गेल्यापासून दोघी बहिणी त्या पडद्यासाठी हटून बसल्या होत्या. धाकटी बस चालवायची. रस्त्यावर कुणाला वाट न देणारी बाई घरात काय देणार? शेवटी ती एका अटीवर राजी झाली.

"माझ्यासमोर काप. आणि वाया घालवलास ना ताई, तर तुझ्या घराची पायरी चढणार नाही."

धाकटी बोलेल तसं करणारी होती, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

सुटीच्या दिवशी धाकटी पडदा घेऊन आली ती थेट शिवणाच्या टेबलापाशी. आल्या आल्या तिने मोजपट्टी उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"हे गं काय?"

"तुझा भरवसा नाही. जित्याची खोड!"

सुरुवात झकास झाली. बाबांच्या जुन्या शर्टासारखं निळं कापड भिंतीला घेतलं. छप्पर तांबडं की तपकिरी यावर इतकी जुंपली की चहा गार झाला. अखेर अर्धं तांबडं, अर्धं तपकिरी ठरलं. वाकडंतिकडं कापताना थोरलीला आधी घाम फुटला, मग हसू फुटलं, मग तर तिला चेवच चढला. त्याच भरात तिने पडदा ओढला, झटकला, कात्री घेतली आणि सर्रकन चालवली.

कापड उचललं तर हातात दोन तुकडे.

कारखान्यात सगळं जोडीने लागायचं. दोन बाह्या, दोन खिसे, दोन पाय. कापड दुमडल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे तिच्या हातात इतकं मुरलं होतं की डोक्याला पत्ताच लागला नाही. मधोमध शोभणारी मोठी खिडकी गेली आणि तिच्या जागी दोन एवढ्याशा खिडक्या उरल्या. थोरलीने कात्री खाली ठेवली. धाकटी आता उठून जाणार, असं तिने मनाशी धरूनच टाकलं.

धाकटीने दोन्ही तुकडे उचलले. एक निळ्या भिंतीवर ठेवला आणि दुसरा दुसऱ्या टोकाला.

"बरोबर आहे की. आपल्या खोलीला दोन खिडक्या होत्या."

"एकच होती! माझ्या उशाशी."

"आणि माझ्या उशाशी दुसरी. तू माझ्याकडे पाठ करून झोपायचीस, तुला कुठून दिसणार?"

"पण पडदा तर एकच होता."

"कापड पुरलं नाही ना. माझ्या खिडकीला आईने खाकी कागद चिकटवला होता." धाकटी हसत होती, पण दुसऱ्या तुकड्यावरचा तिचा हात काही निघेना. "रोज रात्री तुझे मासे मोजत झोपायचे मी."

थोरलीला वाईट वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं. इतकी वर्षं जिला ती हट्टी म्हणत आली, तिचा हट्ट एका खिडकीपुरता होता.

थोरलीने सुईत दोरा ओवला आणि धाकटीपुढे धरला. बसच्या स्टिअरिंगची सवय असलेले हात. टाके असे पडले की कारखान्यात पाहिले असते तर थोरलीने सगळे उसवून टाकले असते. खिडकी एका बाजूला चांगलीच कलली. थोरलीने तिला बोटही लावलं नाही.

"तुझ्या खिडकीतून दिसायचं काय गं?" तिने विचारलं. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"कागद फाटला होता एका कोपऱ्यात. तिथून शेजारच्यांची भिंत दिसायची. आणि भिंतीवर एक लठ्ठ मांजर."

थोरलीने चिंध्यांची पिशवी टेबलावर उपडी केली.

"कुठल्या रंगाचं होतं, सांग."