'वील' म्हणजे आम्ही की आपण?

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत तेव्हा आक्का चादरींच्या घड्या घालायची. वय जेमतेम पंचवीस, पण सगळ्यांना धाकात ठेवायची म्हणून आक्का. लाँड्रीतच पाहुण्यांचे फोन घ्यायची जागा रिकामी झाली, मॅनेजरनं तिला विचारलं आणि ती हो म्हणून बसली. इंग्रजीच्या नावानं तर बोंब होती.

शिकवायला पुढे झाला इस्त्रीवाला. तो इस्त्रीशीसुद्धा इंग्रजीत भांडायचा, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणायचे. आक्कानं 'वी विल सेंड द शर्ट' घोकून ठेवलं होतं. असं तोलूनमापून कोणी बोलत नाही, साहेब म्हणाला. 'वी' आणि 'विल' एका दमात घ्यायचं, मधलं गिळायचं, की झालं 'वील'. लिहिताना गिळलेल्या अक्षरांच्या जागी वर एक छोटं शेपूट काढायचं.

"पण म्हणजे आम्ही की आपण?" आक्कानं विचारलं.

इंग्रजीत दोन्ही एकच, समोरच्यानं समजून घ्यायचं, असं म्हणून साहेबानं वेळ मारून नेली.

आक्का फोनवर तरबेज झाली. पुढच्या वर्षी साहेबाला दुसऱ्या शहरात मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. बातमी सांगताना त्याचे कान लाल झाले होते. घरच्या भाषेत जीभ रेटेना, म्हणून तो इंग्रजीत शिरला.

"नेक्स्ट मंथ, वील गो."

आक्काला वाटलं, मायलेक निघाले. तिनं अभिनंदन केलं, आईला जपा म्हणाली आणि चादरींच्या ढिगाआड जाऊन डोळे पुसले. साहेबाला वाटलं, नकार मिळाला. दोघंही तोंड पाडून कामाला लागली.

शेवटी त्याची आईच जिना उतरून लाँड्रीत आली.

"काय गं, माझ्या मुलात काय खोट काढलीस?"

आक्का गोंधळली. खोट कसली, ते तर तुम्हाला घेऊन निघालेत ना, असं म्हणाली. आईनं मुलाकडे पाहिलं. तो एकाच कॉलरवर इस्त्री फिरवत होता.

"नीट सांग रे तिला."

"आपण," साहेब मान खाली घालून म्हणाला. "आपण जाऊ."

गेली, तिघंही गेली. संसार चांगला झाला. पुढे सासूबाई गेल्या, आणि मागल्या थंडीत साहेबही.

आक्का आता मुलीकडे असते. कोपऱ्यावरच्या लाँड्रीशी ती भाजी आणताना जरा रेंगाळते. ओल्या सुती कापडाचा गरम वास येतो. काही टाकायचंय का आजी, असं लाँड्रीवाला विचारतो.

"नाही रे बाबा," ती म्हणते, "चालू दे तुझं."